आरेच्या कडेची हिवाळी बालवाडी: तीन महिने लेकीला पाठवली, पूर्ण अनुभव

लेक आमची पावणेचार वर्षांची. जूनपासून घराजवळच्या एका नर्सरीत जात होती, एसी वर्ग, खिडक्या कायम बंद, भिंतीवर झाडाचं मोठं स्टिकर, आणि दिवाळीपर्यंत पाच वेळा सर्दी-तापाने घरी. तिथे कोणी वाईट वागलं असं अजिबात नाही, पण सकाळी बूट घालायची वेळ झाली की ती पलंगाखाली जाऊन बसायची आणि मला ते बघवेना. नोव्हेंबरात एका मैत्रिणीने सांगितलं की मुंबईतल्या आरे कॉलनीच्या कडेला एका वाडीत दोन ताई डिसेंबर ते फेब्रुवारी लहान मुलांची उघड्यावरची बॅच घेतात, तीन ते सहा वयाची, आठवड्यातून चार दिवस, रोज तीन तास, आणि वर्ग म्हणजे एक आंबा, दोन फणस, एक मोठं बोराचं झाड नि मागची उतरती जमीन. बोर्ड नाही, जाहिरात नाही. बारा मुलं, दोन ताई, आणि शेजारच्या पाड्यावरच्या एक वारली मावशी मदतीला. फी तीन महिन्यांची 24 हजार, खाऊ आपापला.

आम्ही पूर्ण सीझन केला. चांगलं पण सांगते, खटकलं ते पण सांगते, कारण पैसे टाकायच्या आधी मला असं सविस्तर कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी पहिला विरोध आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. थंडीत एवढ्याशा पोरीला रानात बसवायचं, हे कुठलं परदेशी फॅड आणलंस. आता परदेशात हे आहे हे खरंच. जर्मनीत जंगलातल्या बालवाडीला पहिली सरकारी मान्यता 1993 मध्ये फ्लेन्सबुर्ग गावात मिळाली आणि आज तिकडे अशा हजाराच्या वर आहेत, मुलं बर्फातसुद्धा बाहेरच असतात. डेन्मार्क-नॉर्वेकडे तर तान्ही बाळं थंडीत बाबागाडीत घालून उघड्यावर झोपवतात. पण पालकांच्या पहिल्या मीटिंगला मोठ्या ताई यातलं काहीच बोलल्या नाहीत, त्या बोलल्या बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांबद्दल. 1945 मध्ये डहाणूकडे बोर्डीला ताराबाईंनी काम सुरू केलं, महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं केली, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तिचं नाव पडलं अंगणवाडी, आणि पुढे कोसबाडला जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. आई मूळच्या डहाणूकडच्या. मी घरी येऊन हे सांगितलं तर भाजी निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, अनुताईंना आम्ही लहानपणी पाहिलंय गं, कोसबाडच्या टेकडीवर आमची मावशी राहायची. त्यानंतर विरोध संपला, फक्त कानटोपीचा हट्ट राहिला.

थंडीबद्दल बोलू, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. मुंबईची थंडी म्हणजे काय, जानेवारीत पहाटे सोळा-सतरा डिग्री. आतापर्यंतचा नीचांक म्हणजे 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 डिग्री, तसं काही आता रोज होत नाही. पण आरेत झाडं आहेत, मोकळी जमीन आहे, त्यामुळे रेल्वे स्टेशनपेक्षा तिथे गारवा चांगलाच जाणवतो, रिक्षा आत वळली की पोरगी आपोआप कुशीत शिरते. ताईंनी कपड्यांची यादी दिली होती ती फार शहाणी निघाली: आत सुती बनियन, वर फुल बाह्यांचा सुती शर्ट, फुल पँट पायमोज्यात खोचलेली, आणि वरून बिनबाह्यांचा स्वेटर जो तासाभरात निघतो. जाड जॅकेट आणूच नका म्हणाल्या, कारण ऊन चढलं की मूल आत घामाने भिजतं आणि मग तोच घाम अंगावर गार होतो. पायमोज्यात पँट खोचायचं कारण वेगळं, आजूबाजूला तबेले आहेत त्यामुळे गवतात गोचीड असतात. रोज आंघोळीच्या वेळी काखेत, कानामागे, केसात बघायला सांगितलं होतं. मला तीन महिन्यात एकदाच सापडली, पण सापडली.

आणि सर्दी? तीन महिन्यात एकदा, तीसुद्धा घरी एका लग्नाला पाहुणे जमले होते त्यानंतर. आमचे डॉक्टर म्हणाले की सर्दी गारव्याने होत नाही, विषाणूने होते, आणि बंद खोलीत वीस मुलं एकाच हवेत श्वास घेतात तिथे ती जास्त पसरते. एका मुलीवरून मी काही सिद्ध करत नाही, पण आमच्या घरी काय झालं ते सांगितलं.

खरी काळजी थंडीची नाहीये, हवेची आहे. हे मला कळकळीने सांगायचंय कारण बाकी सगळे पालक स्वेटरवर चर्चा करत बसतात. मुंबईत पावसाळ्यात हवा धुतलेली असते आणि थंडी पडली की उलटं होतं. रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवाही गार होऊन खालीच बसते, वारा मंद असतो, समुद्राकडचा वारा उशिरा सुटतो, आणि बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर सगळा त्या खालच्या थरात अडकून राहतो. ऊन वर आलं की हवा ढवळली जाते आणि मग जरा मोकळं होतं. म्हणजे पहाटेची ताजी हवा म्हणून आपण ज्या वेळी मुलांना बाहेर काढतो तीच थंडीतली सगळ्यात वाईट वेळ असू शकते. माझ्या लेकीला दोन वर्षांची असताना बाळदमा होता, अजून इनहेलर घरात असतो, त्यामुळे मी यात फार घुसले.

सुरुवातीला बॅच साडेसातची होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस वाडीवरून समोरची टेकडीच दिसेना, सगळं राखाडी, आणि मुलं त्यात पकडापकडी खेळत होती. ताईंना वाटलं धुकं आहे. मी मोबाईलवर समीर अॅप काढून दाखवलं, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे, फुकट आहे, आपल्या जवळच्या केंद्राचा आकडा दाखवतं. त्या दिवशी एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) दोनशेच्या वर होता, म्हणजे सरकारी भाषेत 'खराब'. मला तेव्हा खरंच राग आला, मी चारचौघांसमोर बोलले. काही पालकांचं म्हणणं होतं की एवढं काय, इम्युनिटी वाढते. धुराने इम्युनिटी वाढत नाही हो, छोट्या फुप्फुसाला त्रास होतो फक्त. पण ताईंचं मला मनापासून कौतुक वाटतं ते इथे, की त्यांनी वाद घातला नाही, दोन दिवस घेतले आणि नियम करून टाकला. वेळ साडेसातची नऊ झाली. रोज सकाळी आठला एक ताई आकडा बघून ग्रुपवर टाकणार. दीडशेच्या वर असेल तर पळापळीचे खेळ बंद, गोष्ट, बिया, मातीकाम असं बसून. दोनशेच्या वर सरळ सुट्टी, आणि तो दिवस फेब्रुवारीच्या शेवटी भरून देणार. अख्ख्या सीझनमध्ये पाच दिवस सुट्टी झाली, पाचही भरून दिले. तुम्ही कुठेही मुलांना बाहेर पाठवत असाल, हिवाळी शिबिर असो की सकाळचं फुटबॉल कोचिंग, हा एक प्रश्न विचारा, की हवेचा आकडा कोण बघतं आणि किती झाला की थांबवता. उत्तर नसेल तर पैसे भरू नका.

आता दिवसभर करतात काय. पोचल्यावर सगळ्यांनी मिळून झाडू मारायचा, पाचोळा गोळा करायचा, आणि त्या ढिगात लोळायचं. मग मोकळा वेळ, चांगला तास-सव्वा तास, ज्यात ताई काहीही शिकवत नाहीत, फक्त असतात. मला आधी हे खटकलं होतं, एवढे पैसे देऊन नुसतं खेळायला? दोन आठवड्यांनी मी पालक म्हणून एक दिवस बसले (महिन्यातून एकदा बसू देतात) तेव्हा मत बदललं. चिखलाची भातुकली चालू होती, आणि माझी लेक, जी घरी कपात पाणी ओतताना अर्धं सांडते, ती करवंटीतून बाटलीत पाणी ओतत होती, सांडलं की पुन्हा, सांडलं की पुन्हा, कोणी 'अगं सांडलं' म्हणणारं नव्हतं. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगांचे खुळखुळे करून चार मुलांची मिरवणूक निघाली. चिंचोके मोजायचे, मग त्यातले निम्मे दगडावर घासून एका बाजूने पांढरे करायचे आणि फासे म्हणून टाकायचे. एका सकाळी तिला पन्नासच्या पुढे मोजताना ऐकलं, हे तिला कोणी पाठ करून घेतलं नव्हतं, चिंचोके संपत नव्हते म्हणून ती मोजत राहिली होती.

मावशींकडून मुलं जे शिकली ते ताईंकडे पण नव्हतं. कुठल्या झाडाचा चीक लागला तर डाग जात नाही, कुठल्या पानाची पिपाणी होते, कोतवाल ओरडायला लागला की वर बघायचं कारण शिक्रा आलेला असतो. धोबी पक्षी थंडीत येतो आणि शेपटी वरखाली करतो, आता आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तो दिसला की लेक थांबतेच, आणि मला पण थांबावं लागतं, ऑफिसला उशीर होतो तरी. इतकी वर्षं तो पक्षी तिथे येत असणार, मी बघितलाच नव्हता.

नियम कडक आहेत आणि ते मला आवडलं. ताईला दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. याचं कारण गुंजा. थंडीत त्यांच्या शेंगा उकलतात, लालभडक बी, वर काळा ठिपका, कुठल्याही मुलाला मण्यासारखं उचलावंसं वाटेल असं, आणि चावून खाल्लं तर जीवावर बेतणारं विष. पहिल्याच आठवड्यात ताईंनी काचेच्या बंद बाटलीत गुंजा ठेवून प्रत्येकाला दाखवल्या, नाव सांगितलं, हात लावायचा नाही सांगितलं. आणि त्यांनी वाडीतली वेल आधीच काढून टाकली होती. दोन्ही केलं, हे महत्त्वाचं.

पण खाजकुयलीचं मात्र त्यांच्याकडून राहिलं. जानेवारीच्या सुरुवातीला तीन मुलं मागच्या कुंपणापाशी गेली आणि वाळलेल्या मखमली शेंगांना हात लावून आली, त्यात माझी एक. मला फोन आला तेव्हा मागे रडारड ऐकू येत होती, मी मीटिंग सोडून निघाले. पोचेपर्यंत ताईंनी कपडे काढून चादरीत गुंडाळलं होतं, चोळू दिलं नव्हतं, चिकटपट्टी लावून लावून कुसळं काढली होती आणि मगच धुतलं होतं. डोळ्यात गेलं नाही ही नशिबाची गोष्ट. तासाभरात पोरगी शांत झाली, मला मात्र रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी कुंपण साफ करून घेतलं आणि पालकांना स्वतःहून लिहून कळवलं की ही आमची चूक. तरी डिसेंबरच्या आधी पूर्ण वाडी फिरून बघायला हवी होती, तीन ते सहा वयाची मुलं घेताना हे चालत नाही, आणि मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय.

बिबट्याचं पण विचारतात लोक. आरेत बिबटे आहेत, लहान मुलांवर हल्ले झालेत, हे लपवण्यात अर्थ नाही. बॅच उजेड पूर्ण पसरल्यावर सुरू होते आणि बाराला संपते, मुलं एकटी कधीच नसतात, कचरा आणि उष्टं मागे टाकत नाहीत कारण त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. माझं समाधान झालं, तुमचं नसेल झालं तर मी आग्रह करणार नाही.

आता एक दिवस सांगते, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी ताईंनी बोरन्हाण ठेवलं. आपल्याकडे संक्रांत ते रथसप्तमी घराघरात करतात, हॉलमध्ये चादर अंथरून पाटावर मुलाला बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, शेंगा ओतायच्या, मुलं गोळा करतात, फोटो होतात. मीही लेकीचं पहिल्या वर्षी तसंच केलं होतं, बोरं मार्केटमधून आणलेली. इथे सगळी मुलं काळे कपडे घालून बोराच्या झाडाखाली बसली, आणि मावशींनी लांब काठीने फांदी हलवली. खरी बोरं, छोटी, आंबट-गोड, टपाटप डोक्यावर. एक क्षण सगळी गप्प, आणि मग जो ओरडा झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. सगळ्या आयांचे हात फोन काढायला गेले आणि बऱ्याच जणींनी काढलाच नाही, मी पण नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या सणाला बोर का, ऊस का, हरभरा का, तर त्या आठवड्यात शेतात-रानात तेच तयार असतं. इतकी साधी गोष्ट, पण ती मला बत्तिसाव्या वर्षी, झाडाखाली बसून कळली.

पुढचं अजून. आईंनी नातीसाठी हलव्याचे दागिने हौसेने करून दिले होते, बाजूबंद, मुकुट, हार. खेळता खेळता हार तुटला आणि हलवा मातीत सांडला. मी उचलायला धावले, ताईंनी हाताने थांबवलं. दोन मिनिटात एक मुंगी आली, मग चार, मग रांग. मुलं पोटावर झोपून बघायला लागली. एका मुंगीला एक दाणा उचलेना, मग सहा जणींनी मिळून ओढला, वाटेत पान आडवं आलं तर वळसा घातला. कोणीतरी पान उचलायला गेलं तर माझी लेक म्हणाली, नको, तिला कळेल. बराच वेळ, अर्ध्या तासाहून जास्त, ती पावणेचार वर्षांची मुलगी, जिच्याबद्दल नर्सरीतून दोनदा 'लक्ष एकाग्र होत नाही' असा निरोप आला होता, हनुवटी मातीला टेकवून पडून होती. दाणा बिळात गेला तेव्हा ती उठली, हात झटकले, माझ्याकडे आली आणि म्हणाली, आई, त्यांची पण संक्रांत. मला रडू आलं, हो आलं, सांगायला काही वाटत नाही.

घरी आल्यावर आईंना सांगितलं की हार तुटला, त्या नाराज होतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या पुढच्या वर्षी दोन करते, एक मुंग्यांचा.

बाकी कमी-जास्त पटापट सांगते. टॉयलेट एकच, वाडीच्या दुसऱ्या टोकाला, भारतीय पद्धतीचं, स्वच्छ असतं पण लहान मुलीला तिथवर नेईपर्यंत दोनदा उशीर झालाय, कपड्यांचा जोड रोज द्यावाच लागतो. हात धुवायला नळ आहे, साबण असतो. रिक्षा आत यायला तयार होतात, परतीची मिळत नाही, आम्ही तीन घरांनी मिळून एक दादा महिन्याने ठरवले. बाराची सुटण्याची वेळ नोकरी करणाऱ्यांना अवघड, आई घरी नसत्या तर आम्हाला जमलं नसतं. अक्षरओळख हवी असेल तर इथे येऊ नका, तीन महिन्यात एकही वर्कशीट नाही. पण नवीन शैक्षणिक धोरणात सुद्धा, 2020 च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून, कृतीतून करा असंच म्हटलंय, त्यामुळे मागे पडेल ही भीती मी तरी सोडून दिलीय.

पैशांबद्दल मात्र मला मनात बोच आहे. 24 हजार आमच्या दोघांच्या पगारात जमतात. पण ज्या पाड्यावरच्या मावशी आमच्या मुलांना पक्षी दाखवतात तिथलीच दोन मुलं कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. हे मी तिसऱ्या मीटिंगला बोलले, अजून चारजण बोलले, आणि फेब्रुवारीपासून ती दोघं आत आली, फी न घेता. त्यातला पाच वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी सरसर फणसावर चढला आणि वरून सगळ्यांना कुठे पाय ठेवायचा ते सांगत होता, ताई खाली हात पसरून उभ्या. ताराबाई-अनुताईंचं नाव घेऊन सुरू केलेल्या कामात ही मुलं पहिल्या दिवसापासून आत हवी होती. पुढच्या वर्षी बारामागे तीन जागा अशा ठेवणार म्हणालेत, मी विचारत राहणार आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पांगारा लाल झाला होता, आंब्याला मोहोर, आणि दहा वाजताच ऊन लागायला लागलं, म्हणून शेवटचे दिवस थोडं लवकर, साडेआठला केले, हवा तोपर्यंत सुधारली होती. मार्चपासून बंद, पुढची बॅच डिसेंबरला. आम्ही नाव देऊन ठेवलंय. सोबत कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्यात: मुलांसाठी जवळ एक टॉयलेट, नोव्हेंबरात कुंपणाची पूर्ण साफसफाई, आणि पाड्यावरच्या तीन जागा. मोठ्या ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ऑक्टोबरात फोन करते म्हणाल्या.